खोटी बटणं

मुंगीच्या शाळेत ‘सहभाग’ हा शब्द इतक्या वेळा कानावर पडतो की आता तो नुसता ऐकला तरी माझी कंबर दुखायला लागते. कारण सहभागाची प्रत्येक सभा मुलांच्या खुर्च्यांवर बसून होते. मॉन्टेसरी शाळा, त्यामुळे सगळं मुलांच्या मापाचं. टेबलं, बेसिन, केरसुणीसुद्धा. आम्ही पालक गुडघे हनुवटीला टेकवून बसतो, चर्चेचं गुऱ्हाळ लावतो, शेवटी काम एकाच्या गळ्यात पडतं आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

या खेपेला गळा माझा होता. बायको इस्पितळात एक्स-रे काढते, तिची सकाळची पाळी असते, म्हणून सभेला मी जातो. मी एका कपड्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून लोकांच्या पँटी आखूड करतो आणि कंबरा सैल करतो. दुकानात मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी नुसता मुंगीचा बाबा. मुंगी म्हणजे माझी पाच वर्षांची मुलगी. रांगायला लागल्यापासून तिला स्वतःपेक्षा जड वस्तू घरभर ओढत न्यायची खोड, म्हणून माझ्या आईनं तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

त्या शाळेत लाकडी चौकटी असतात. चौकटीला दोन्ही बाजूंनी कापड ठोकलेलं आणि मध्ये ते उघडणारं. एका चौकटीला नाडी, एकीला चेन, एकीला बटणं. मूल ती चटईवर मांडून बसतं, सगळी बटणं काढतं, सगळी परत लावतं. बटणांची चौकट पोरांच्या हातांनी पार विरून गेली होती. काजांची नुसती भोकं झाली होती. मुंगी रोज घरी येऊन तक्रार करायची, “बाबा, ती बटणं खोटी आहेत. बोट लावलं की जातात.”

खऱ्या बटणांशी तिचं भांडण रोज सकाळी चालायचं. दाराजवळच्या स्टुलावर बसून ती आपल्या कोटाची बटणं लावायची. कोणी हात लावलेला चालायचा नाही. जीभ बाहेर काढून, नाक फेंदारून ती त्या बटणाच्या मागे लागायची, आणि बसची वेळ झाली की मी येऊन पटापट सगळी लावून टाकायचो. मग मुंगी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची, ती शाळा येईपर्यंत.

म्हणून तिनं ठरवलं होतं. शाळेत ‘घरच्यांची सकाळ’ असते, तेव्हा प्रत्येक मूल एक काम निवडून घरच्यांना करून दाखवतं. बाकीची मुलं गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा रचणार होती, पाणी ओतून दाखवणार होती. मुंगीनं वर्गातल्या ताईंना, म्हणजे बाईंना, आधीच सांगून टाकलं होतं की नवी चौकट आली की ती खरी बटणं लावून दाखवणार. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं हे सांगितलं होतं. शेजारच्या दंतवैद्यालाही.

आता चौकट शिवणं हे माझ्यासाठी एका संध्याकाळचं काम. पण शाळेचं काम असं होत नाही. पालकांमध्ये एक चष्मेवाले बाबा आहेत, ते विम्याच्या कंपनीत साहेब आहेत आणि शाळेतही साहेबच असतात. त्यांचं म्हणणं, बटणं लाकडीच हवीत, प्लास्टिक नको. एका आईचं म्हणणं, कापडाचा रंग डोळ्यांना शांत हवा. मग शांत म्हणजे कुठला यावर ग्रुपवर मेसेज सुरू झाले. कोणी शिंपल्यांच्या बटणांचे फोटो टाकले. कोणी विचारलं, शिंपल्याला इजा होते का. मी दुकानात एकीकडे लोकांच्या पँटी उसवतोय आणि दुसरीकडे फोन सारखा थरथरतोय. काम कोणी करायचं यावर मात्र एकही मेसेज नव्हता, ते ठरलेलंच होतं.

शाळा चालवणाऱ्या मोठ्या ताईंनी तेवढं एकच नेमकं सांगितलं. “काज बटणाला अगदी बेताचं ठेवा. सैल नको.”

“लहान मुलं आहेत, ताई. थोडं सैल ठेवतो की.”

“बटण आपोआप गेलं तर मुलाला काही कळत नाही. चुकलं तर चौकटीनं सांगावं, आपण सांगू नये.” त्या शांतपणे बोलतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही.

शेवटी क्रीम रंगाचं जाड सुती कापड आणि लाकडी बटणं यावर एकमत झालं, ते आदल्या दिवशी. मी दुकानातून आल्या आल्या जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं. काजं मशीनवर केली असती तर अर्ध्या वेळात झालं असतं, पण मी हातानं केली. माझ्या पोरीला खरी बटणं हवी होती ना, मग काजंही खरी. टाक्याला टाका लागून बसला. पाचही काजं अशी झाली की बटण जाताना अंगठ्याला कळावं. खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी मला माझं काम आवडलं.

समोर आई बसली होती. तिनं चौकट जवळ ओढली आणि दोन बटणांशी खटपट केली.

“घट्ट आहेत रे काजं.”

“घट्टच हवीत.”

“पोरीची बोटं दुखतील.”

“ताईंनी सांगितलंय, आई.”

“ताईंचं काय जातंय? त्यांची बोटं बघ आणि हिची बघ.”

“तू यात पडू नकोस,” मी म्हटलं, जरा जोरातच. दिवसभर विमावाल्या साहेबांचं ऐकून घेतलं होतं, ते सगळं तिच्यावर निघालं. तिनं चौकट परत माझ्याकडे सरकवली. मी सुई टाचण्यांच्या उशीत टोचली, तिच्यात दोरा तसाच होता, आणि जेवायला बसलो.

सकाळी मी उठलो तर आईनं चौकट कापडी पिशवीत भरून दाराशी ठेवली होती. मी मनाशी म्हटलं, बरं झालं, एक काम कमी.

शाळेची मोठी खोली त्या दिवशी माणसांनी भरली होती, तरी आवाज फारसा नव्हता. तिथला नियमच आहे. मूल काम करत असताना बघायचं तर दोन्ही हात पाठीमागे बांधून बघायचं. पोरं एकमेकांचं काम असंच बघतात, मग पालकांनाही तेच. ‘हात मागे’ असं ताई हळूच म्हणतात आणि एवढाले बाप्ये शहाण्या मुलांसारखे हात मागे घेतात. विमावाले साहेबसुद्धा. दुकानातून माझा फोन दोनदा वाजून गेला होता. दुपारपर्यंत कोणाचा तरी सूट द्यायचा होता. मी फोन खिशात ठेवला आणि हात मागे घेतले. शेजारी आई राखाडी कोट घालून उभी होती.

मुंगीनं चटई आणली, उलगडली, कोपरे सरळ केले. चौकट दोन्ही हातांनी धरून आणली आणि तिच्यासमोर बसली. नाक फेंदारलं. जीभ बाहेर आली.

पहिलं बटण गेलं. नुसतं बोट लावलं आणि गेलं. दुसरंही गेलं. मुंगीची जीभ आत गेली. तिनं तिसरं बटण एका बोटानं ढकललं, तेही सुळकन पार. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“बाबा, हीपण खोटी आहेत.”

ती रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं. तिनं चौकट उचलून फळीवर ठेवली, चटई गुंडाळली आणि जाऊन मांडणीच्या कडेला भिंतीशी बसली. बाजूचा मुलगा मनोऱ्यावर शेवटचा ठोकळा ठेवत होता आणि त्याचे आजी-आजोबा भारावून गेले होते.

मी फळीजवळ जाऊन चौकट उलटी केली. माझ्या पाचही काजांची टोकं ब्लेडनं कापून वाढवली होती, आणि कापलेल्या जागी क्रीम दोऱ्यानं टाके घातले होते. वाकडे, लांब, एकमेकांवर चढलेले टाके. कोणी घातले हे विचारायची गरज नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. मी चौकट काखेत मारली आणि आईला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये मुलांचे कोट टांगायच्या बुटक्या खुंट्या आहेत. तिथे उभं राहून मी तिला बोललो. आवाज चढवता येत नव्हता, म्हणून दात आवळून बोललो. म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं? म्हटलं, पोर किती दिवस वाट बघत होती, तुला माहीत नव्हतं? तुला एकदा ‘पडू नकोस’ म्हटलं तर समजत नाही? रोज सकाळी तिची बटणं आपणच लावून टाकतो, आजचा एक दिवस तरी तिला सोडायचं.

“मी पहाटे लावून बघितली,” आई म्हणाली. “पाचातलं एकही लागेना. म्हटलं, मला जमत नाही तर एवढ्याशा पोरीला कसं जमणार? सगळ्यांसमोर तिचं हसं झालं असतं.”

“अगं, तुला जमलं नाही म्हणून...” एवढं बोललो आणि थांबलो.

ती माझ्यासमोर उभी होती. कोटाची सगळी बटणं नीट लावलेली. त्या बटणांभोवतीची काजं मी पहिल्यांदा बघत होतो. प्रत्येक काजाचं टोक कापलेलं होतं आणि काळ्या दोऱ्याचे तसेच वाकडे टाके गळ्यापर्यंत चढत गेले होते. आतल्या कुडत्याच्या बाहीवरही तेच. मी दिवसभर लोकांचे कपडे बघतो, एक टाका सुटला तर मला पलीकडून दिसतो. आणि ही बाई रोज माझ्यासमोर बसून जेवत होती.

“कधीपासून?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून. बोटं वळत नाहीत.”

“मग सांगायचं ना मला. सगळ्या कपड्यांना दाबून लावायची टिचबटणं लावून दिली असती. नाहीतर रोज सकाळी मीच...”

“म्हणूनच नाही सांगितलं,” ती म्हणाली. “आज बटणं लावली असतीस, उद्या घास भरवायला बसला असतास.”

मला तिचा राग आला होता आणि तो अजून गेला नव्हता, पण आता तो कुठे ठेवावा ते कळेना. मी खाली बसलो. तिथेही मुलांचीच खुर्ची. खिशात सुई-दोरा असतोच, तो काढला आणि एकेक काज उसवून परत बंद करायला लागलो. फोन वाजला. वाजू दिला.

मुंगी कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. हात मागे बांधून ती माझं काम बघत होती.

“खरी करतोयस?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी.”

शेवटचा दोरा मी दातानं तोडला, तेव्हा आत बरीच माणसं निघाली होती. ताईंनी आमच्याकडे बघितलं, चटयांच्या टोपलीतून एक चटई काढून मुंगीच्या हातात दिली आणि दुसरीकडे गेल्या.

या वेळी पहिलं बटण गेलं नाही. मुंगीनं ते तिरकं धरलं, सरळ धरलं, काज ताणलं, बटण अर्धं गेलं आणि परत निसटलं. मग पुन्हा. तिचे कान लाल झाले. माझी बोटं पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकली होती. शेजारून आई हळूहळू वाकायला लागली, तिचा हात पुढे आला.

“आजी, हात मागे,” मुंगी वर न बघता म्हणाली.

आईनं हात मागे घेतला. त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एक बटण गेलं. मग दुसरं. चौथ्याला मुंगी थांबली, बोटं झटकली, आणि परत लागली. पाचवं लागल्यावर तिनं पाचांवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, “खरी आहेत.” बास, एवढंच. मग तिनं सगळी काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आम्ही तिला तिथेच सोडून निघालो. मला दुकान गाठायचं होतं आणि आईला घर. खोलीत उकडत होतं म्हणून आईनं मधे कधीतरी कोट काढून हातावर घेतला होता. दारात येऊन तिनं तो अंगात घातला आणि सर्वांत खालचं बटण धरलं. मोठं केलेलं काज, तरी बटण बोटांतून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. समोर थांब्यावर माझी बस येऊन उभी राहिली. माझा हात आपसूक पुढे गेला.

“हात मागे,” आई म्हणाली. तिनंही वर बघितलं नाही.

बस गेली. आईनं पहिलं बटण लावलं आणि दुसरं धरलं. खिशात फोन पुन्हा वाजायला लागला. तो मी उचलला नाही. माझे हात मागे होते.