उतार आला की उतरायचं

होणाऱ्या भावजयीने स्वतःहून फोन करून सायकलवर फिरायला चला म्हणावं, इथेच ताईच्या मनात पहिली पाल चुकचुकली.

ताईचं औषधांचं दुकान होतं. चिठ्ठीवरची डॉक्टरची सही खरी की खोटी, खोकल्याचं औषध खोकल्यासाठीच हवंय की आणखी कशासाठी, हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघून ओळखायची तिला सवय लागलेली. दुकानाचं शटर खाली आलं तरी ही सवय काही खाली येत नसे. तिचा जीव दोनच गोष्टींवर होता. एक धाकटा भाऊ आणि दुसरी सायकल. सुट्टी मिळाली की ती एकटीच सायकल काढून लांबवर निघायची.

भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मध्यंतरी त्याचा पुढचा दात तुटला, नवा बसवताना दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या या बाईशी ओळख झाली आणि दात बसता बसता दोघांचं सूतही जुळलं. ताई तिला मनातल्या मनात 'कवळीवाली' म्हणायची. बाई नीटनेटकी होती, हसतमुख होती, बोलायला गोड होती. गोड बोलणाऱ्यांचं ताईला पहिल्यापासून वावडं.

"ताई, नदीकाठची ती जुनी रेल्वेची वाट आहे ना," कवळीवाली फोनवर म्हणाली, "रूळ काढून सायकलींसाठी केलीय. एकही गाडी येत नाही म्हणे. दोघीच जाऊ या? खोऱ्यात एक मुक्काम करू आणि दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून पलीकडे उतरू."

ताई हो म्हणाली. माणूस घरात घेण्याआधी उघड्या माळावर पाहिलेला बरा.

वाट खरोखरच सुंदर होती. उजव्या हाताला संथ हिरवी नदी, डावीकडे उतरती कुरणं, मधूनच गंजलेला सिग्नलचा खांब आणि त्यावर चढलेली रानवेल. ना भोंगा, ना धूर. चाकांखालच्या बारीक खडीची तेवढी करकर. पण ताईचं अर्धं लक्ष शेजारच्या सायकलीवर होतं. कवळीवाली भाड्याच्या सायकलवर काठी गिळल्यासारखी ताठ बसली होती. हँडल तर असं धरलं होतं, जणू सोडलं तर ते पळूनच जाईल.

"पुढच्या पुलावर फळ्या ओल्या असतात हं, ताई. मधून चालवा."

पूल अजून दिसतही नव्हता. वळण घेतल्यावर दिसला. फळ्या ओल्या होत्या.

"तुम्ही आधी आला होतात का इथे?"

"छे हो! तुमच्या भावाने नकाशा दाखवला ना."

भूगोलाचा मास्तर नकाशात डोंगर दाखवील, नद्या दाखवील. ओल्या फळ्या कुठल्या नकाशात असतात? ताईने पुढे विचारलं नाही. गिऱ्हाइकाला जास्त विचारलं की ते सावध होतं.

पुढे बोगदा आला. कवळीवालीने बोगद्याच्या तोंडापाशी येण्याआधीच दिवा लावला. नंतर एका जागी वाट जरा उताराला लागली, तशी ती चटकन खाली उतरून चालू लागली. "काय देखावा आहे!" म्हणाली. देखावा म्हणजे एक विजेचा खांब आणि दोन गाई.

मुक्कामाची जागा म्हणजे पूर्वीचं रेल्वे स्टेशन होतं. तिकीटघराचं स्वयंपाकघर झालं होतं आणि प्रतीक्षालयाच्या खोल्या. चालवणारी बाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि कवळीवालीला बघून तिचा चेहरा फुलला.

"अगंबाई, आलात! गुडघा कसा आहे आता?"

कवळीवालीने डोळे मोठे केले. क्षणभरच. बाईने जीभ चावली आणि "म्हणजे, थकला असाल, गुडघे दुखत असतील," असं काहीतरी सारवलं. पण ताईच्या नजरेतून सुटेल तर ती ताई कसली! ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार तिने जन्मभर पाहिला होता.

संध्याकाळी ती खोलीच्या खिडकीत केस पुसत उभी होती. समोर मालधक्क्याची कमरेहून उंच भिंत. भिंतीपलीकडे कवळीवालीचं डोकं दिसत होतं आणि तिच्या शेजारी राखाडी टोपीतलं एक पुरुषाचं डोकं. टोपीवाला हलक्या आवाजात काहीतरी समजावत होता, ती मान डोलवत होती. मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. दोन्ही डोकी हळूहळू भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकली आणि कोपऱ्याआड गेली.

ताईने टॉवेल खाली टाकला आणि भावाला फोन लावला.

"कशी चाललीय सहल?" भावाचा आवाज उत्साहाने ओसंडत होता. "पटतंय का तुमचं?"

"पटायचं काय त्यात? चालवतोय सायकली."

"सायकली? तीही चालवतेय?" तो हसायलाच लागला. "अगं, तिला सायकल येतच नाही! तू चालवणार आणि ती मागे बसणार, अशी जोडसायकल घेणार म्हणाली होती मला."

ताईने काहीबाही बोलून फोन ठेवला आणि पलंगावर बसली. म्हणजे बाईला सायकल येते, वाट पाठ आहे, इथली माणसं ओळखीची आहेत, आणि भावाला मात्र सांगायचं की मला सायकल येत नाही! का? तर आपण कुठे जातो, कुणाला भेटतो, याचा त्याला संशयही येऊ नये म्हणून. हिशेब सरळ होता. भोळा आहे माझा भाऊ, तिच्या मनात आलं. दात घ्यायला गेला आणि काळीज देऊन बसला.

जेवताना कवळीवाली तिच्या पानात वाढत होती, "घ्या ना, ताई, काहीच खाल्लं नाहीत," म्हणत होती. ताई नुसतीच पानात बोटं फिरवत होती.

सकाळी वाटेने नदी सोडली आणि ती डोंगराला लागली. चढ सोपा नव्हता. कवळीवाली धापा टाकत होती, पण थांबत नव्हती. माथ्यावर पोचल्यावर दोघी सायकलींवरून उतरल्या. खाली दुसरं खोरं पसरलं होतं आणि वाट नागमोडी वळणं घेत त्यात उतरत होती. कवळीवालीने खाली पाहिलं, तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती सायकल हातात धरून चालू लागली.

"देखावा बघायचाय ना?" ताई म्हणाली. "थांबा. आधी मला सांगा, तो टोपीवाला कोण?"

कवळीवाली थांबली.

"काल मी खिडकीतून पाहिलं. खोटं बोलू नका. माझ्या भावाला फसवणार असाल तर इथूनच परत फिरा. मी सांगेन त्याला, जमलं नाही म्हणून. बोभाटा करणार नाही."

आता ही रडणार, नाहीतर भांडणार, अशा तयारीत ताई होती. कवळीवाली आधी हसली. मग सायकल गवतात आडवी टाकून खालीच बसली आणि मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"तो सायकल भाड्याने देतो, ताई. त्यानेच मला शिकवली. याच वाटेवर, दर सुट्टीला येऊन. तुमच्या भावालाही सांगितलं नाही, लगेच तुमच्या कानावर गेलं असतं म्हणून. मुक्काम त्या स्टेशनातच करायचे. काल त्याला मुद्दाम बोलावलं होतं, पुढचा ब्रेक कसा दाबायचा ते पुन्हा दाखवायला. मी सायकलवर होते आणि तो धरून चालवत होता मला. सगळं जमतं हो आता. उतार तेवढा जमत नाही."

"गुडघा दाखवा."

"काय?"

"गुडघा."

तिने मुकाट्याने कापड वर सरकवलं. गुडघ्यावर दोन जखमा होत्या, एक जुनी, एक अजून खपली धरलेली. ताईने वाकून नीट पाहिलं. ही सही खरी होती.

"कुणी बांधली होती ही? चिघळली असती की! औषध नको का लावायला?" आणि मग, "पण एवढा खटाटोप कशासाठी केलास तू?"

"तुमच्यासाठी. तुमचे भाऊ म्हणाले, ताईला पटलं तरच पुढचं सगळं. आधीच्या दोघी तुम्हाला पसंत पडल्या नाहीत म्हणून त्यांना नाही म्हणावं लागलं. मला वाटलं, सायकलवरून तरी..."

"आधीच्या दोघी?"

ताईला आठवेना. एक ग्रंथपाल बाई एकदा घरी आली होती. ती गेल्यावर ताई 'बरी आहे' म्हणाली होती. दुसरी कोण, हे तर तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या नजरेतला संशय हळूच तिथून उठला आणि शंभर मैलांवर शाळेत पृथ्वीचा गोल फिरवत बसलेल्या माणसावर जाऊन टेकला.

"ऊठ," ती म्हणाली. "दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबायचे. एकदम आवळायचे नाहीत. मी पुढे जाते, तू माझ्या मागून ये."

ताई निघाली. दर वळणावर ती मागे वळून बघत होती, येतेय की पुन्हा पायी चाललीय. तिसऱ्या वळणावर ती जरा जास्तच वेळ मागे बघत राहिली. पुढचं चाक खडीत घसरलं आणि ताई सायकलीसकट चरात जाऊन पडली.

डोळे उघडले तेव्हा कवळीवाली उतारावरून येत होती. ओठ दाबून, दोन्ही ब्रेक हळूहळू धरत, सबंध वळण सायकलवर बसून. ताईपाशी येऊन ती नीट थांबली. मग तिला आपण काय केलं ते कळलं असावं, कारण तिने मागे वळून तो सबंध उतार पाहिला.

ताईचं मनगट सुजलं होतं. कवळीवालीने गळ्यातला रुमाल सोडून घट्ट पट्टी बांधली. रोज दातांचे बारीक साचे करणारे हात होते ते. या वाटेवर गाडी बोलावण्याची सोय नव्हती. गाडी नाही म्हणूनच तर आल्या होत्या. शेवटी कवळीवालीने दोन हातांत दोन सायकली धरल्या आणि दोघी डोंगर पायी उतरल्या.

वाट संपते तिथल्या दवाखान्याच्या बाकावर त्या बसल्या असताना भाऊ धावतपळत आला. फोन मिळताच शाळेतून सुटला होता. ताईच्या गळ्यात अडकवलेला हात बघून त्याचा जीव खालीवर झाला.

"हाताचं राहू दे," ताई म्हणाली. "मी नापसंत केलेल्या त्या दोघी कोण, ते सांग."

भावाने एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा कवळीवालीकडे. पळायला जागा नव्हती.

"माझंच मन होत नव्हतं गं," तो अखेर म्हणाला. "नाही म्हणायला धीर होईना. तुझं नाव पुढे केलं की लोक निमूटपणे ऐकतात."

"आणि हिला? हिला का सांगितलंस?"

"तेव्हाही खात्री नव्हती. नंतर खात्री झाली आणि सांगायचं राहून गेलं."

ताईच्या आधी कवळीवालीच बोलली. आवाज तसाच गोड होता, पण भावाने घाम पुसला.

"माझा गुडघा दोनदा फुटला, ताईंचा हात गेला. तुमचं काय गेलं?"

लग्न झालं, पण लगेच नाही. कवळीवालीने चार महिने विचार करून सांगते म्हणून कळवलं आणि ताईने त्याला साफ सांगितलं, मी मध्ये पडणार नाही, माझं नाव आता तुला वापरायला मिळणार नाही. त्या चार महिन्यांत ताईचं मनगट बरं झालं आणि दोघींनी आणखी दोन खोरी पालथी घातली.