कोळणींची फौज

आमची कंपनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळांसाठी चिमुकली सैन्यं बनवते. नव्या फौजेसाठी मी वरळी कोळीवाड्यातल्या बायका घडवल्या, रुंद खांद्यांच्या, हातात कोयते घेतलेल्या. त्यांच्या राणीला चेहरा दिला माझ्या आईचा.

"राणीची कंबर बारीक कर," कंपनीचे मालक पुष्कर सर म्हणाले.

"का? राणी काय उपाशी मरते?"

घंटा बदलली मी कंबर. मग सरांनी माझी अख्खी फौजच राक्षसांच्या बाजूला टाकली आणि खोक्यावर तसंच छापलं.

आईने खोका हातात घेतला, चित्रात स्वतःला ओळखलं आणि मोठ्याने हसली. "राक्षसीण तर राक्षसीण. पण जिंकतं कोण गं?"

राक्षसांनी पहिल्याच फेरीत मरायचं, असा खेळाचा नियमच आहे.

"तूच," मी म्हटलं.