चौथ्या नळकांड्याची सळई

१९८४ सालचा मे महिना. नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत, हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर होता. दुरून आलेला क्षीण आवाज झेलायचा आणि त्याच क्षणी जोरकस करून सगळीकडे पाठवायचा, हे त्याचं काम. तेही एकाच अँटेनावरून. स्वतःच्याच ओरडण्याने त्याचे कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये दोन-दोन फुटांची चार नळकांडी होती. गिरिधरने ती भंगारातून आणली आणि प्रेमलता मेश्रामने त्यांना माणसात आणलं.

गिरिधर बँकेत कारकून, रेडिओचा नाद लागलेला. प्रेमलता पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत काम करायची. फेब्रुवारीत तो काळवंडलेलं नळकांडं सँडपेपरने घासायला बसला, तेव्हा तिने त्याचा हातच धरला होता.

"थांबा गा भाऊ! आतला चांदीचा थर खरवडून टाकसान. करंट त्या वरच्या कातडीवरूनच धावते."

मग तिने सराफासारखं रिठ्याच्या पाण्याने एकेक नळकांडं धुतलं. आतल्या ढिल्या पडलेल्या पट्ट्या जुन्या टेलिफोन रिलेच्या स्प्रिंगांतून कापून नव्या बसवल्या. प्रत्येक नळकांड्यात सूर जुळवायची एक सळई होती; मीटरचा काटा तळाला जाईपर्यंत ती केसभर फिरवायची, पण नट आवळताना ती पुन्हा सरकते, म्हणून तेवढं आधीच सोडून थांबायचं. तिची बोटं ते अंतर न मोजता ओळखत. गिरिधर श्वास रोखून बघत राहायचा.

रिपीटर अडीच महिने उत्तम चालला. मे लागला आणि दुपार झाली की बहिरा व्हायला लागला. सकाळी ठणठणीत, बाराच्या पुढे नुसती खरखर. "बाईच्या हातचं काम, टिकलं तेवढंच खूप," असं रेडिओवाल्यांच्या क्लबात दोघंतिघं बोलले. गिरिधरला ते लागलं. तो तिला सांगायला गेला तेव्हा ती रागावली नाही.

"संध्याकाळी याल का?" त्याने विचारलं.

"संध्याकाळी काहून? रोगी दुपारीच तपासा लागते ना!"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती डोक्याला ओला पंचा बांधून पत्र्याखाली शिरली. आत भट्टी होती. तिने चारही नळकांडी सुटी करून मीटरवर लावली. तीन जागच्या जागी होती, चौथ्याचा सूर घसरलेला. तिने पिशवीतून लोहचुंबक काढून सळयांना लावलं. तीन सळयांना ते घट्ट चिकटलं, चौथीवरून खाली पडलं.

"हे पाहा भाऊ. तिघींचा धातू लोखंड-निकेलचा, उन्हानं वाढत नाही. हे पितळेची आहे, वरून मुलामा देल्ला. पहिल्या मालकानं तुटल्यावर बदलली असन. मीच चुंबक आधी लावाले पाहिजे होतं."

तो धातू नागपुरात मिळेना. आठवडाभर गिरिधर दुकानं पालथी घालत होता. शेवटी प्रेमलतालाच सुचलं: बंद पडलेल्या एका कारखान्याचं मोठं घड्याळ रुपराव घड्याळजींकडे धूळ खात पडलं होतं. असल्या घड्याळाचा लंबक उन्हाळ्यात लांबला तर वेळ चुकेल. म्हणून त्याचा दांडा त्याच धातूचा करत. रुपरावांनी कामाचं ऐकलं आणि दांडा काढून तिच्या हातात ठेवला. प्रयोगशाळेच्या लेथवर तिने स्वतः त्याला आटे पाडले.

सव्वीस तारखेला, शनिवारी, पारा सेहेचाळीसवर होता. ऐन दोन वाजता तिने नट आवळला. काटा तळाला जाऊन बसला आणि तासभर हलला नाही. मग नळकांडी परत जोडली आणि स्पीकरमधून क्लबातले कळमेश्वरचे चंद्रभान बोलायला लागले, शेजारच्या खोलीतून बोलावं तसे स्वच्छ.

गिरिधरने माइक तिच्यापुढे धरला. तिने मान हलवली. "मले लायसन नाही भाऊ."

"मग परीक्षा द्या ना! तुमच्याइतकं आमच्यात कोणाला येते?"

"फॉर्म आणा," ती म्हणाली आणि घाम पुसत पाने-पकडी आवरायला लागली.

सोमवारी सकाळी, बँक उघडायच्या आधीच, गिरिधर फॉर्म घेऊन पॉलिटेक्निकच्या फाटकाशी उभा होता.