सटवीचं पाणी

दुधाची किटली घरीच राहिली म्हणून धुंडिराज अर्ध्या गल्लीतून परतले आणि दारातच थबकले. गीताबाई माशांच्या पिल्लांच्या टाकीपुढे उभ्या होत्या. डोक्यावर पदर, ओठांत काहीतरी पुटपुटणं, आणि हातातल्या तांब्यातून टाकीत पडणारी बारीक धार.

"अगं, काय करतेस?"

गीताबाई दचकल्या. "काही नाही हो. आज सटवी आहे पिल्लांची. जन्मून सहावा दिवस. सटवी कपाळी लिहायला येणार, तर गंगा नको दाखवायला? थोडंसं गंगाजल घातलं, बस."

"दर खेपेला घालतेस?"

"घालते की. तुम्ही पाण्याला हात लावू देत नाही, म्हणून तुम्ही दुधाला गेलात की घालते."

धुंडिराज त्या तांब्याकडे बघत राहिले. गीताबाईंना हर्णैच्या माहेराहून आईनं दिलेला, चिंचेनं घासून लखलखणारा, शुद्ध तांब्याचा. रात्रभर गंगाजल त्यातच असायचं. समुद्राच्या पाण्यात तांबं म्हणजे विषच. मोठे मासे कसंबसं निभावून नेतात, पण सुईच्या टोकाएवढ्या पिल्लांना थेंबभरही पुरतं. हे त्यांना पाठ होतं. म्हणून तर टाकीसाठीचा मग, नळी, बादली सगळं प्लास्टिकचं. बायकोला मात्र हे सांगायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. प्रत्येक खेपेची पिल्लं आठवड्याच्या आत मरायची, आणि हे गृहस्थ कधी खाण्याला दोष देत, कधी गेलेल्या विजेला, कधी शेजारच्या वरातीतल्या डीजेला.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि किटली घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाशी मेलेली पिल्लं राखेसारखी साचली होती. गीताबाई तांदूळ धूत होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "माझ्या हातालाच यश नाही."

हे वाक्य त्यांचं नव्हतं. लग्नानंतर दोनदा पोटातच सगळं संपलं, तेव्हा धुंडिराजांची मोठी काकू भर माजघरात ते बोलली होती. धुंडिराज तिथेच बसले होते. ऐकून गप्प बसले होते.

मासे घरी आले ते नोकरीच्या शेवटच्या वर्षी. धुंडिराज मुगलसरायला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मद्रासकडून आलेल्या एका खोक्याचा मालक फिरकलाच नाही. नाशवंत माल म्हणून ते फेकायचं ठरलं. आत पाण्याच्या फुगलेल्या पिशवीत दोन नारिंगी मासे होते, अंगावर पांढरे पट्टे, अजून जिवंत. धुंडिराजांना ते फेकवेनात. पिशवी मांडीवर घेऊन ते काशीला दुर्गाघाटाच्या गल्लीत घरी आले. गीताबाईंनी पिशवीची गाठ सोडली, नाक जवळ नेलं आणि तिथेच बसल्या.

"हर्णैचा वास आहे हो," त्या म्हणाल्या. लग्न होऊन काशीत आल्यापासून त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. एवढी गंगा दाराशी, पण तिला खारा वास नाही, हे त्या लाजत लाजत कधीतरी बोलायच्या.

मग समुद्राचं मीठ आलं, टाकी आली, पंप आला, त्याची घरघर झोपेत ऐकायची सवय झाली. निवृत्तीनंतर तर धुंडिराजांना दुसरा उद्योगच उरला नाही. मोठी मादी लस्सीच्या मातीच्या कुल्हडवर अंडी घालायची आणि छोटा नर दिवसभर परांनी त्यांना वारा घालायचा. "बघा, शिका काही!" गीताबाई म्हणायच्या. धुंडिराज पेपरामागे हसायचे. किती छान दिवस होते ते, आणि किती साधे.

पुढच्या खेपेच्या सटवीला धुंडिराज पहाटेच उठून बसले. "आज गंगा मी आणतो."

"तुम्ही? पौषात?"

यात्रेकरू नेतात तसला प्लास्टिकचा डबा घेऊन ते घाटावर गेले, कुडकुडत वर आले आणि चार थेंब स्वतः टाकीत सोडले. गीताबाई हात जोडून मागे उभ्या होत्या. प्लास्टिकमधली गंगा पाहून त्यांना हसू आवरेना.

पिल्लं जगली. आठवडा गेला, आणखी एक गेला, आणि एका सकाळी एका पिल्लाच्या डोक्यामागे पांढरी रेघ उमटलेली दिसली. धुंडिराजांनी बायकोला ओढतच टाकीपाशी आणलं. गीताबाईंनी खूप वेळ पाहिलं. डोळे भरून आले.

"तुमच्या हाताला यश आहे हो," त्या म्हणाल्या. "मी आता लांबच राहीन यांच्यापासून."

बायकोला दुखवायचं नाही म्हणून धुंडिराज तांब्याबद्दल गप्प राहिले होते, आणि काकूचं तेच वाक्य आता त्यांनीच खरं करून ठेवलं होतं.

"हाताचं काही नाही, गीता. तांब्याचं भांडं. ते या पाण्याला चालत नाही. मी तुला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे."

"मतलब... इतकी सारी मीच मारली?"

"तू नाही. तांब्यानं."

"घालत तर मीच होते ना!" असं म्हणून त्या रडल्या, अगदी हमसून. धुंडिराज या वेळी उठून गेले नाहीत. पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

संध्याकाळी गीताबाईंनी तांब्या चिंचेनं घासला आणि देवापुढे पालथा घातला. त्यानंतर त्या टाकीच्या खोलीत पाऊल टाकेनात. कुल्हडवर नवी अंडी आली, फुटली, धुंडिराजांनी कौतुकानं सांगितलं, तरी नुसतं "हो का" म्हणाल्या.

सटवीच्या दिवशी धुंडिराज डबा घ्यायला उठले, तर गीताबाई घरात नव्हत्या. ते घाबरेघुबरे घाटाकडे निघाले. गल्लीच्या टोकाशी, जिथे पायऱ्या संपतात, तिथे त्या दिसल्या. ओलेत्या, थांबत थांबत चढून वर येत होत्या, छातीशी ओंजळ धरून. मागच्या पायऱ्यांवर थेंबांची ओळ होती.

"अहो, आधी टाकीचं झाकण काढा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सगळी गळून चालली."

धुंडिराज पुढे धावले. दार लोटलं, झाकण काढलं. गीताबाईंनी टाकीवर ओंजळ उघडली. आत पाणी उरलंच नव्हतं, नुसते ओले हात. एक थेंब करंगळीवरून घरंगळला आणि पाण्यात पडला.

"एवढंच राहिलं," त्या म्हणाल्या.

"पुष्कळ आहे."

गीताबाईंनी हात मागे घेतला नाही. खाणं आलं असं वाटून सगळी पिल्लं त्यांच्या बोटांखाली गोळा झाली.