देव्हाऱ्यात ठेवलेला कान

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एक कथा सांगते, मन लावून ऐका.

मी एक जुने, कानामागे लावायचे यंत्र आहे. मुंबईच्या इस्पितळातून निघाले, वीर स्टेशनावर उतरले आणि वरंधला बनुबाईंच्या घरी आले. तापात त्यांचे दोन्ही कान गेले, त्याला बारा वर्षे झाली होती. डॉक्टरांनी त्यांच्या कानाच्या आत बारीक तार बसवली. बाहेरचा आवाज त्या तारेपर्यंत पोहोचवायचा, हे माझे काम. डॉक्टरांनी बजावले होते, "आधी नुसता खडखडाट वाटेल. रोज दिवसभर लावा, माणसांशी बोला. हळूहळू शब्द उमगतील."

पण बनुबाई पडल्या भाविक. थोरले भाऊ कोंडाजीबुवा कीर्तनकार. त्यांचे कीर्तन पुन्हा ऐकायचे, एवढ्यासाठीच त्या शस्त्रक्रियेला तयार झाल्या होत्या. इस्पितळात मला पहिल्यांदा लावले तेव्हाचा खडखडाट त्यांनी ऐकण्यात धरलाच नाही. कानावर पहिला शब्द कीर्तनातला पडावा म्हणून मला देव्हाऱ्यात ठेवले, वर हळदकुंकू वाहिले.

बुवा रोज ओटीवर येत. खोकल्याने छाती पोखरली होती. हातवारे करून म्हणत, "बने, देव बहिरा हाय काय गो? त्याला कशाला यंत्र लावलंस? माझ्याशी बोल की!"

"सप्त्यात ऐकीन, दादा. तवर उष्टं नाय करायचं."

चैत्रातला सप्ताह आला. बनुबाई अगदी पुढे बसल्या. मी जीव तोडून काम केले, मित्रांनो. पण सवय नसलेल्या कानाला टाळ, मृदंग, बुवांचा आवाज सारे सारखेच. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. कीर्तन संपवून बुवा धापा टाकत त्यांच्यापुढे येऊन बसले. ओठ हलले, "ऐकलंस गो?"

बनुबाईंनी मान डोलावली.

बुवा सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. विसाव्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून बनुबाई झोपेपर्यंत मला उतरवत नाहीत. सून सोनाली रोज समोर बसून एकेक शब्द म्हणते, त्या तो परत म्हणतात. दिवाळीपर्यंत कोंबडा कळला, एसटी कळली, मग माणसांचे बोलणे कळू लागले. परवा सोनालीने विचारले, "आई, आता सगळं ऐकू येतंय ना?"

"एक राह्यलं गो," त्या म्हणाल्या आणि ओटीकडे बघत राहिल्या.

आवाज आत घेणाऱ्या माझ्या बारीक जाळीत ते देव्हाऱ्यातले कुंकू अजून अडकले आहे. मित्रांनो, कुणाला असे यंत्र मिळाले तर ते जपून ठेवू देऊ नका. त्या माणसाशी रोज बोला, न कंटाळता बोला. आणि देवापुढे हात जोडाल तेव्हा कोंडाजीबुवांना आठवा. बहिणीने ऐकले, असे समजून ते गेले.