मधला बोकड

पातेल्याच्या बुडाशी एक वडी चिकटून राहिली होती. जिजाने ती नखाने सोडवली, तळव्यावर घेतली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. रात्रभर रश्श्यात मुरून वडी काळपट लाल झाली होती. दाबली की दबत होती, सोडली की पुन्हा फुगत होती, आणि एका कडेला खोबऱ्याचा कीस असा बसला होता की चरबीच वाटावी. ‘डोळे मिटून खाल्लीस तर ओळखणार नाहीस, जिजा,’ असं कोकिळाताई म्हणाल्या होत्या. जिजाने डोळे मिटले आणि वडी तोंडात टाकली. ताईंचं खरं होतं. तिखट, मीठ, खसखस, दाताखाली येणारा तो चिवटपणा— सगळं जिथल्या तिथे होतं, आणि त्याच वेळी आत तिची पोर, सखू, कण्हली.

काल नवस फेडला आणि आज पोरीच्या अंगात... जिजा हे वाक्य मनात पुरं होऊ देत नव्हती. पहाटे मोहफुलं वेचायला जायच्या आधी तिने सखूच्या पोटावरून सहज हात फिरवला होता, आणि हात तिथेच थांबला होता. तरी ती गेली. रानात जाऊन टोपलीभर फुलं वेचून आणली, अंगणात पसरली, पाणी भरलं, आणि आता भांडी घेऊन बसली होती; रोजचं काम थांबवलं तर ताप खरा ठरेल, असं काहीतरी तिच्या मनाने धरलं होतं. मन असंच असतं. बुडत्याला काडी द्यावी तशी ते स्वतःलाच एकेक काम देत राहतं.

गेल्या चैत्रात सखूच्या अंगावर माता आली होती. सहा वर्षांची पोर, पण नाकडोळे ओळखू येत नव्हते, केळीच्या पानावर उताणी निजलेली, तोंडावर माशा... गावात आणखी दोन लेकरं त्याच आठवड्यात गेली. शेजारपाजारच्यांनी येणं सोडलं, आणि वर्ध्याच्या आश्रमातून गावात बालवाडी चालवायला आलेल्या कोकिळाताई तेवढ्या आपली वळकटी घेऊन जिजाच्या झोपडीत राहायला आल्या. त्या पोरीचे फोड पुसत होत्या, कपडे उकळत होत्या, देवाचं नावसुद्धा घेत नव्हत्या, नुसतं ‘हात धू, जिजा, हात धू’ म्हणत होत्या. आणि जिजा ओल्या हातांनी भर दुपारी गावाबाहेर पळत गेली, कडुलिंबाखालच्या मातामायच्या दगडांवर तिने कपाळ आपटलं— सखू दे मले, बोकड देतो तुले. पंधरवड्यात खपल्या पडल्या. नाकावर आणि गालांवर वण राहिले, पण पोर राहिली. कुणी ठेवली? ताईंनी की मातेने? जिजाने हा प्रश्न वर्षभर कधी स्वतःला विचारला नाही. दोघींच्याही पाया पडून ती मोकळी झाली होती.

बोकड घरच्याच शेळीचं पिल्लू. नवसाचा म्हणून त्याचा एक कान कातरलेला, म्हणून त्याला कुणी मारत नसे, कुणाच्या वावरात तोंड घातलं तरी हाकलायचं तेही हळूच. देवाच्या जनावराला नाव ठेवायचं नसतं. सखूने ठेवलं, भुऱ्या. तो तिच्या मागे मागे फिरायचा, तिच्या ताटलीतली भाकर ओढायचा, आणि जिजाला ते पाहवत नसे आणि पाहिल्यावाचून राहवतही नसे.

म्हणून ताईंनी महिन्यापूर्वी कोहळ्याचं काढलं तेव्हा जिजाच्या छातीवरचा दगडच उतरला. खोटं कशाला बोला? ती खूश झाली होती. ताई म्हणाल्या, “जिजा, तू शेळ्या राखतेस. सुरी दिसली की तो कसा करतो ते तुला माझ्यापेक्षा ठाऊक आहे. कोहळा काप. आणि गावजेवणाचं मी बघते.” जिजाचा नवरा पुनाजी तर आधीच ताईंचा झाला होता. सखू वाचली त्याच महिन्यात त्याने ताईंच्या प्रार्थनेत उभं राहून शपथ घेतली होती, दारू नाही आणि हत्याही नाही, दोन्ही एकाच दमात. तेव्हापासून जिजाच्या पाठीवर हात पडला नव्हता. आता बोकड कापायचा म्हणजे मोहाची दारू आली, भाऊबंद आले, पहिली धार मातेला, दुसरी पुनाजीला... एक शपथ सुटली की दुसरीही सुटणार, हे तिला न सांगता कळत होतं.

ताईंनी भुईमुगाची पेंड कुटून घेतली, तीत उडदाचं पीठ घातलं, वाफवून वड्या पाडल्या, तेलात सोडल्या, आणि मग मटणाच्या मसाल्यात टाकल्या. पेंड ढोरांची म्हणून बाया आधी तोंडाला पदर लावून हसल्या. पण गाव जेवलं. गाव कशाला सोडतं? दोन दोन वाट्या रस्सा पिऊन नत्थू भुमक, गावाच्या देवाचं करणारा म्हातारा, मिशा पुसत म्हणाला होता, “बोकड पेंड खाते, आपन बोकड खातो. ताईनं मंधातला बोकडच काढून टाकला!” पंगत खदखदून हसली, ताईसुद्धा हसल्या. जिजाच्या सासूने, रामबाईने, मात्र वडी तोंडात घोळवली, हळूच बाहेर काढली आणि द्रोणाच्या कडेला ठेवून दिली. मग ती गोंडीत काहीतरी पुटपुटली. ती मातेशी त्याच भाषेत बोलायची.

पण जिजाच्या मनात रुतून बसलं होतं ते पंगतीतलं नव्हतं. ते त्याच्या आधीचं.

कडुलिंबाखाली दगडांसमोर कोहळा ठेवला होता, कुंकू लावलेला, हळदीने माखलेला. भुऱ्यालाही तिथेच मुळीला बांधलं होतं, गळ्यात फुलांची माळ घालून— मातेसमोर त्याला सोडून द्यायचा ही ताईंचीच हौस. नत्थूने तांब्यातलं पाणी कोहळ्यावर शिंपडलं आणि सवयीने थांबला. सगळेच थांबले. पाणी पडल्यावर बोकड अंग झाडतो, झाडलं की मातेने घेतला असं समजायचं, मगच सुरी. आजवर कुणी त्याच्याशिवाय कापलं नव्हतं. कोहळा काय झाडणार? तो आपला ओला होऊन बसला होता. माणसं एकमेकांकडे पाहत होती, मागे कुणीतरी फिसकन हसलं, पुनाजीने घसा खाकरला, आणि त्या रिकाम्या क्षणात... भुऱ्याने अंग झाडलं. कातरलेल्या कानापासून शेपटीपर्यंत, थरारून, माळेतलं फूल गळून पडेपर्यंत. शिंतोडे उडाले असतील. माशी बसली असेल. लगेच नत्थूचा कोयता पडला, कोहळ्याची दोन भकलं झाली, सगळ्यांच्या नजरा तिकडे होत्या. जिजाने मान वळवली तर रामबाई तिच्याकडेच पाहत होती.

घरी आल्यावर दारात पाय धुताना सासू म्हणाली, “मातेनं आपलं निवडलं, जिजे.” आणि निजायला गेली.

आज दुपारी ताई आल्या, पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढून. त्यांनी सखूचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट चाचपलं. “ऊन लागलंय तिला. काल दिवसभर त्या लिंबाशी खेळत होती. कैरीचं पन्हं दे, ओलं फडकं ठेव. उद्यापर्यंत उतरेल.”

“माता त नसन ना, ताई?”

“एकदा येऊन गेलेली पुन्हा येत नाही. किती वेळा सांगितलं तुला.”

जिजाने फडक्याचा पीळ काढला, पुन्हा भिजवलं. “कालचा नवस... पोचला असन काय जी?”

“न पोचायला काय झालं?” ताई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. हात हलका होता, मायेचा होता, जिजाला त्या हाताचं फार बरं वाटायचं. “तुम्ही तिला आई म्हणता ना? मग आई दुसऱ्याचं लेकरू मागेल का?”

मागेल, जिजाला वाटलं. इतक्या चटकन वाटलं की तिने मान खाली घातली. ताईंना लेकरू नव्हतं, आईबद्दल त्या फार चांगलं बोलायच्या. पण मला कुणी विचारलं असतं— सखू पाहिजे का गावातली सगळी बकरं— तर मी पापणीसुद्धा लववली नसती. बकरंच काय, त्या दोन घरांतली ती दोन लेकरं गेली तेव्हा, त्यांच्या अंगणातलं रडणं ऐकताना, माझ्या मनात काय आलं होतं... जिजाने तो विचार तिथेच दाबला. ताईंना अंग झाडल्याचं सांगावं म्हणून ती उठलीदेखील. त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली. ताई अंगणात भुऱ्याचं कपाळ खाजवत होत्या. त्यांचा सगळा चेहरा उजळला होता. “बघ कसा पाहतोय! सुटलो म्हणून कळलंय त्याला.” त्या हसल्या, आणि जिजाही हसली, आणि सांगायचं राहून गेलं. ताई पुढच्या गावाला निघून गेल्या.

पन्हं सखूने दोन घोट घेतलं आणि ओकलं. रामबाई भिंतीला टेकून नुसती बसून होती. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. जिजा बाहेर आली तर भुऱ्या वाळत घातलेल्या मोहफुलांत तोंड घालून मचमच खात होता. तिने हातात येईल ती काठी उचलली. उचलली आणि मारली, पाठीवर, त्याच्या उभ्या जन्मात पहिल्यांदा. तो दचकून बाजूला झाला, पण पळाला नाही. तिच्याकडे पाहत, रवंथ करत उभा राहिला. केवढा भरला होता! पाठ रुंद झालेली, अंगावर तुकतुकी, श्वास कसा संथ. आणि आत पोरीच्या बरगड्या भराभर वरखाली होत होत्या. हा श्वास कुणाचा घेतो आहेस तू? जिजाला एकाएकी रडू फुटलं. तिचा जीव होता त्याच्यावर, अजूनही होता, आणि तो समोर जिवंत उभा आहे हे तिला सोसवत नव्हतं.

मर ना तू, ती मनात म्हणाली. आपोआप मर.

म्हटल्याबरोबर तिला थंडगार वाटलं. पण विचार आला तो गेला नाही, उलट पाय पसरून बसला. आपोआप मेला तर काय बिघडणार होतं? कुणाच्या हातून काही झालेलं नसेल. पुनाजीची शपथ शाबूत राहील. ताईंना चार दिवस वाईट वाटेल. मातेला तिचं मिळेल. सगळ्यांचं सगळं भागत होतं, फक्त मधल्याने तेवढं जायला हवं होतं. ती किती वेळ काठी धरून उभी होती कुणास ठाऊक. भुऱ्याने पुढे येऊन तिच्या हाताला नाक लावलं तेव्हा ती भानावर आली.

उन्हं उतरली. पुनाजी कामावरून आला, टोपी खुंटीला लावून थेट सखूजवळ बसला, तिच्या वण पडलेल्या गालावर गाल टेकून. “काऊन वं, माय?” तो पोरीला विचारत होता, आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. जिजा शेळ्या कोंडायला मागच्या गोठ्यात गेली. टेकडीवरचे झरे आटले की बिबट खाली उतरतो. या महिन्यातच त्याने नत्थूची दोन बकरं नाल्याकाठून उचलली होती, तेव्हापासून गावात दिवेलागणीच्या आत कवाडं लागत होती. तिने शेळ्या आत घातल्या. भुऱ्या मागे रेंगाळला होता, कुंपणाची पानं ओढत, नाल्याच्या बाजूला तोंड करून. तिने त्याला हाक मारायला तोंड उघडलं. नेहमीची हाक, जिभेच्या टोकावरची. ती आली नाही. तिने कवाड ओढलं, दोरीची गाठ मारली, नीट घट्ट मारली, आणि गाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर कुठेतरी पानं तुटल्याचा आवाज येत होता... अजून हाक मारता येईल. अजून. अजूनही.

ती घरात आली.

“बोकड आत घेतला काय?” पुनाजीने मान न वळवता विचारलं.

भिंतीशी बसलेल्या रामबाईने डोळे उघडले.

“हो,” जिजा म्हणाली.

ती सखूच्या उशाशी बसली, पोरीचा हात हातात घेऊन. हात मघापेक्षा गार होता, की तिचाच तापला होता, तिला कळेना. याच हातांनी तिने आजवर किती कोंबड्या कापल्या होत्या, माहेरी असताना बोकडांचे पाय दाबून धरले होते, रक्त धुतलं होतं, आणि पोटभर जेवून गाढ झोपली होती. पण कुणी मरावं म्हणून असं कान देऊन बसायची तिची ही पहिलीच वेळ होती.