दुनळीचा दस्ता

तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी केवळरामांची दुनळी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची ठरली. रानडुकरांपासून धान राखायला मिळालेला परवाना त्यांच्या नावाचा होता. ते गेले, तशी बंदूक घरात ठेवता येईना. करडीहून मोहाडीला जायला मुलगा वीरेंद्र गाडी काढत होता. मुलीनं, सरितानं, शेवटचं म्हणून नळ्या पुसायला घेतल्या.

सहा वर्षांपूर्वी हीच बंदूक घेऊन केवळराम तिच्यासोबत नागपूरच्या क्लबात जायचे. उडत्या तबकड्यांवर ती नेम धरी आणि तबकड्या शाबूत खाली येत. शेजारी क्लबातल्याच खुशबूच्या हाती इटालियन बंदूक. तिची क्वचितच एखादी सुटे. संघातली निवड हुकली त्या दिवशी सरिता सगळ्यांसमोर म्हणाली होती, "असल्या भंगारानं डुकरंच हाकला, बाबा." केवळरामांनी बंदूक उचलून पिशवीत घातली. तिनं बंदुकीला पुन्हा हात लावला नाही.

आता पुसून झाल्यावर तिनं सवयीनं लाकडी दस्ता खांद्याला लावला. गाल लाकडावर टेकला आणि डोळा आपसूक नळ्यांच्या मधोमध आला. पूर्वी मान ताणावी लागायची. तिनं बंदूक खाली घेतली, पुन्हा लावली. तेच. दस्त्याच्या टोकाला पॉलिशचा रंग वेगळा होता. दोन बोटं लाकूड कापलेलं होतं.

दारात आई, निर्मलाबाई, उभी होती. हे कधी झालं, सरितानं विचारलं.

"तू सोडून आली, त्याच साली. तुहे बाबा तुह्या क्लबातल्या सरले विचारून आले. ते म्हनले, छर्रे महागाच्या बंदुकीचे अन् हिचे सारखेच जातेत, पन ही बंदूक पोरीच्या मापाची नाही. मंग सुखराम सुताराकडून कापून घेतला."

"मले काहून नाही सांगितलं?"

"म्हनत, सांगून कायले? हाती घेईन तवा तिचं तिलेच समजन."

तिनं हाती घेतलीच नव्हती. आणि सहा हंगाम केवळराम त्याच आखूड दस्त्यानं डुकरं हाकलत होते. दस्ता आखूड असला की बार उडताना स्वतःचीच मूठ गालावर आदळते. बाहेरगावी असताना व्हिडिओ कॉलवर त्यांचा सुजलेला गाल पाहून ती हसायची. मधमाशी चावली, म्हणायचे.

सरिताला रडू आलं नाही. ती आपल्या गालावर हात ठेवून बसून राहिली.

वीरेंद्रनं दोनदा हॉर्न वाजवला, मग आत आला.

"जमा करून देऊ," ती म्हणाली. "पन माह्या नावानं परवान्याचा अर्ज बी आजच देऊ."